इस्त्रीच्या टेबलावरचा रुमाल

१९९३ च्या नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी एका पाकिटातून पांढरा रुमाल काढला आणि इस्त्रीच्या टेबलावर पूर्ण उलगडून ठेवला. रुमाल माझा नव्हता. तो कुणाला दाखवायचा नाही, असं मला सांगितलेलं होतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आई पडद्यांचे हुक आणायला खालच्या दुकानात गेली होती आणि ती दहा मिनिटांत येईल, हे मला ठाऊक होतं. त्या दहा मिनिटांत कोण येणार आहे, हेही ठाऊक होतं.

बाबा एका कंपनीत एसी दुरुस्तीला होते. कुरुम या गोऱ्या साहेबांच्या वस्तीतल्या बंगल्यांत त्यांचं जाणं-येणं असे, आणि त्यातूनच आईला शिवणाची कामं मिळत. पडदे, उशांचे अभ्रे, फ्रॉकची लांबी कमी करणं, पँटची कंबर सैल करणं. आमचं घर गुहागरकडचं. आई शिवण माहेरी शिकलेली होती आणि तिचे नियम पक्के होते. सुती कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय ती त्याला सुई लावत नसे. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मशीन, त्याच्या काटकोनात इस्त्रीचं लांब टेबल, आणि त्या टेबलावरच आमची जेवणं. रविवारी दुपारी चादर गुंडाळून बाजूला केली की तिथे तांदळाच्या भाकरी आणि बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण येई. सबंध घराला गरम सुती कापडाचा वास असे. एसीच्या घरघरीत मशीनचा आवाज मिसळून जाई. बाबांचा एसी मात्र नेहमी कुठून तरी गळत असे, त्याखाली बादली असे, आणि आई म्हणे, "लोकांचे दुरुस्त करा, आपलं खलास होऊ दे."

खालच्या मजल्यावर नसीमाचं घर होतं. तिचे अब्बा दापोली तालुक्यातले. इमारतीच्या तळाशीच त्यांचं बटणं, दोरे, हुक, लेस यांचं दुकान होतं आणि इमारतीतला एकमेव भरवशाचा फोन त्या दुकानात होता. नसीमाची आई, जिला मी चाची म्हणत असे, आणि माझी आई यांच्यात माशांची वाटणी रोजची होती. सूर बंदराहून कोणी सुरमई आणली तर ती दोन घरांत चिरली जाई. चाचीच्या कालवणातही तिरफळच असे. नसीमा आणि मी एकाच इंडियन स्कूलमध्ये, एकाच वर्गात. वर्गात सगळे इंग्रजी बोलत. माझं इंग्रजी चांगलं होतं. नसीमाचं नव्हतं. पुढच्या सगळ्या गोष्टी या फरकावर उभ्या आहेत, म्हणून तो आधी नोंदवते.

त्या वर्षाच्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, तेव्हा आमच्या इमारतीत दोन आठवडे शांतता होती. बाबा संध्याकाळी अब्बांच्या दुकानासमोरच्या बाकावर चहा घेत, ते बंद झालं. बाबांचे मित्र आमच्या घरी बसत आणि म्हणत, "झालं ते वाईटच झालं, पण..." त्या 'पण'च्या पुढे ते बराच वेळ बोलत. खाली अब्बांकडेही माणसं बसत, आणि जिन्यावरून जाताना ऐकू येणारं वाक्य तसंच सुरू होई. तिसऱ्या आठवड्यात चाची पापलेट घेऊन वर आली आणि दारातच म्हणाली, "वैनी, हे ठेवून घ्या, आमच्याकडे कुणाच्या घशाखाली उतरत नाय." आईनं घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबा बाकावर जाऊन बसले. त्या विषयावर दोन्ही घरांत परत कधी बोलणं झालं नाही. तो मिटला होता असं मी लिहिणार नाही. बोलणं झालं नाही, एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.

ऊना मॅडम आणि हेझल मॅडम आमच्याकडे येऊ लागल्या त्या त्याच उन्हाळ्यात. ऊना मॅडम हॉस्पिटलात नर्स होत्या, एकट्या राहत. हेझल मॅडमचे यजमान इंजिनिअर होते. दोघी उत्तर आयर्लंडच्या, एकाच शहरातल्या, तीन मैलांच्या अंतरावर वाढलेल्या, आणि भेटल्या मात्र मस्कतमध्ये. हेझल मॅडम आपली लाल गाडी चालवत, ऊना मॅडम शेजारी बसत. दर गुरुवारी पाचला दोघी एकत्र वर येत आणि जिन्यातूनच त्यांचं हसणं ऐकू येई. एकदा दोघींनी आपापल्या घरून सोड्यावर फुगवलेला जाडसर पाव आणला. आईनं दोन्ही खाल्ले, ओल्या नारळाच्या चटणीबरोबर, आणि मला विचारलं, "यातला कुठला कुणाचा?" मी तो प्रश्न इंग्रजीत सांगितला. हेझल मॅडम म्हणाल्या, "माझा वेगळाच आहे, सांगा त्यांना." ऊना मॅडम म्हणाल्या, "हो, तिचा बिघडलेला आहे." दोघी पोट धरून हसल्या. आई मला हळूच म्हणाली, "मेले, एकच आहेत दोन्ही."

ऊना मॅडम कॅथलिक आहेत आणि हेझल मॅडम प्रोटेस्टंट, आणि त्यांच्या शहरात त्यावरून माणसं मारली जातात, हे मला नसीमाकडून कळलं. नसीमाला ऊना मॅडमनी सांगितलं होतं. त्यांच्याकडे कुणाची बाजू कुठली हे पहिल्या मिनिटात कळतं, म्हणे. नावावरून, शाळेवरून, राहत्या रस्त्यावरून. कळतं, आणि मग परदेशात असाल तर त्याबद्दल बोलायचं नाही, हा शिरस्ता. "आमी नाय का जानेवारीत," नसीमा म्हणाली, "तसंच."

ऊना मॅडमशी पहिल्यांदा बोलले ती मी. त्यांचा गणवेश आत घ्यायचा होता, आईला इंग्रजी येत नव्हतं, टाचण्या मी लावल्या. त्यांनी मला विचारलं होतं, "पुढे काय करणार?" मी म्हटलं, "तुमच्यासारखं." ते पूर्ण खरं नव्हतं. मला नर्स व्हायचं नव्हतं. मला त्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं होतं. पुढच्या महिन्यात ऊना मॅडमनी ठरवलं की गुरुवारी दुपारी त्या नसीमाला कुरुमला आपल्या घरी नेऊन शिकवतील. मी आईसमोर विचारलं, "मी पण येऊ?" त्या म्हणाल्या, "तुला गरज नाही, रंजना. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. आईनं ते चाचीला अभिमानानं सांगितलं. मी मात्र त्या दिवसापासून मोजायला लागले. नसीमा एकूण चौदा गुरुवार गेली. चौदाही वेळा मी खिडकीतून पाहिलं. लाल गाडी थांबे, मागचं दार उघडे, आणि नसीमा ब्राऊन कव्हर घातलेलं एक पुस्तक छातीशी धरून उतरे. गाडीतल्या थंडाव्यानं तिचा चष्मा धुरकटलेला असे आणि ती तो दुपट्ट्याला पुसत, हसत, वर पाहून हात हलवी. मीही हलवी. आज तीस वर्षांनंतरही तो धुरकटलेला चष्मा मला जसा दिसतो तसं दुसरं फार थोडं दिसतं.

सप्टेंबरमध्ये ऊना मॅडमनी चाचीला घरी येऊन सांगितलं की त्यांच्या शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत त्या नसीमासाठी अर्ज करणार आहेत. राहण्याची सोय होईल. दोन शिफारसपत्रं लागतील, एक त्या देतील, दुसरं हेझल मॅडम. अब्बांनी विचारलं, "दोन कशाला? तुमचं एक पुरे नाही काय?" मी तिथेच होते, कारण दुभाषी मीच होते. ऊना मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे एकट्या माझ्या नावाचं पत्र गेलं की लोक नाव वाचतात. दोघींची गेली तर मुलीबद्दल वाचतील." मी ते मराठीत सांगितलं. अब्बा म्हणाले, "इन्शाल्ला." चाचीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू पण जाशील गो, बघशील." म्हणजे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असावं.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांच्या शहरात एका मासळीच्या दुकानात बाँब फुटला. आठवड्याभरानं, दुसऱ्या एका गावी, पबमध्ये गोळीबार झाला. पहिल्यात हेझल मॅडमच्या बाजूची सामान्य माणसं मेली, दुसऱ्यात बहुतेक ऊना मॅडमच्या बाजूची. त्या गुरुवारी दोघी आल्या, पण जिन्यात हसणं नव्हतं. हेझल मॅडमच्या फ्रॉकवर कागदाचं लाल फूल टोचलेलं होतं. ऊना मॅडमच्या नव्हतं. हे फूल युद्धात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी नोव्हेंबरात लावतात, आणि त्यांच्याकडे ते कोण लावतं, कोण लावत नाही, त्यावरून बाजू ओळखली जाते, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. आईनं काहीच वाचलेलं नव्हतं. घरी आलेल्या दोन बायकांपैकी एकीला फूल आणि दुसरी तशीच, हे तिच्या हळदीकुंकवाच्या हिशेबात बसत नव्हतं. ती उठली, पडद्याच्या लाल कापडाचा तुकडा घेतला, चार टाके घातले, मधे काळं बटण बसवलं, आणि "यांना का बरं नाही?" असं म्हणत ते फूल ऊना मॅडमच्या खांद्यावर टाचलं.

ऊना मॅडमनी मान खाली करून त्या फुलाकडे पाहिलं. मग हेझल मॅडमनी आपलं कागदी फूल काढलं, पर्समध्ये ठेवलं, आणि आईपुढे खांदा करून म्हणाल्या, "मलाही हेच हवं." आईनं दुसरं शिवलं. दोघी कापडाची फुलं लावून खाली गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. गाडीत बसल्यावर हेझल मॅडमनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं आणि ऊना मॅडमचा हात त्यांच्या पाठीवर होता. त्या एकमेकींना किती जपत होत्या, आणि काय केलं तर ते संपेल, हे मला त्याच संध्याकाळी समजलं. माहिती म्हणून समजलं. तिचा उपयोग मी तेव्हा ठरवला नव्हता.

ऊना मॅडमचा रुमाल आला तो तीन दिवसांनी, नसीमाच्या हातून. साधा पुरुषी सुती रुमाल, त्यावर रंगीत पेनांनी काढलेलं चित्र. मधे एक वाद्य, भोवती काटेरी तार, चार कोपऱ्यांत चार ढाली, आणि खाली बारीक अक्षरात दहा-बारा माणसांच्या सह्या. कडा विसविशीत झाल्या होत्या. मागून अस्तर लावून कडा दुमडून हव्या होत्या, फ्रेम करायची होती. "कुणाला दाखवायचा नाय म्हणून सांगितलंय," नसीमा म्हणाली.

आईनं आपल्या नियमाप्रमाणे घमेल्यात पाणी घेतलं. मी म्हटलं, "थांब." ओल्या बोटाचं टोक एका ढालीला लावलं. हिरवा रंग बोटावर आला. आईनं पाणी ओतून दिलं आणि म्हणाली, "वाचलो गो बाई." तो रुमाल मी वाचवला, हे नोंदीत असावं. ऊना मॅडमना ते कोणी सांगितलं नाही.

"आहे काय हे?" मी जिन्यात नसीमाला विचारलं. तिनं दोनदा खाली-वर पाहिलं. "मॅडमच्या धाकट्या भावानं केलाय. तो आत आहे. बाँबच्या केसमध्ये. तिकडे तुरुंगात असेच रुमाल करतात आणि घरी पाठवतात."

"तिला आवडतं का ते? बाँब वगैरे?"

"म्हणते, आवडत नाय. म्हणते, ते चूकच आहे, पण माझा भाऊ आहे." मग तिनं माझं मनगट धरलं. "रंजू, कुणाकडे बोलू नको हां. तिनं फक्त मला सांगितलंय."

शेवटचं वाक्य तिनं विश्वासानं म्हटलं होतं. मला ऐकू आला तो त्यातला 'फक्त'.

त्या आठवड्याच्या गुरुवारी शिकवणी नव्हती, ऊना मॅडमची ड्यूटी होती. दुपारी अब्बांच्या दुकानात फोन आला आणि निरोप घ्यायला मी गेले. हेझल मॅडम पडदे न्यायला चारला एकट्या येतील, ऊना मॅडम साडेचारला टॅक्सीनं हॉस्पिटलातून येतील, नसीमाला घेऊन वर येतील. आईला मी निरोपाचा दुसरा अर्धा भाग सांगितला. पहिला सांगितला नाही. चारला पाच मिनिटं असताना मी तिला आठवण करून दिली की हुक कमी पडत आहेत.

हेझल मॅडम आल्या, पर्स टेबलाच्या कडेला ठेवली आणि रुमाल पाहिला. त्यांनी त्याला हात लावला नाही. सह्या वाचल्या असाव्यात, कारण त्या खाली वाकल्या. मग विचारलं, "हे कुणाचं?"

मी म्हटलं, "ऊना मॅडमचं. त्यांच्या भावानं केलंय. जेलमध्ये."

त्यांनी पर्स उघडली, आत हात घातला, तो तसाच बाहेर काढला, पर्स बंद केली. आई आली तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि रुमाल घडी होऊन पाकिटात होता. ती घडी त्यांनी घातली होती. साडेचारला ऊना मॅडम आणि नसीमा वर आल्या. हेझल मॅडमनी पडदे उचलले, ऊना मॅडमच्या शेजारून दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मला आज घाई आहे." लाल गाडी निघून गेल्याचा आवाज आम्ही चौघींनी ऐकला.

ऊना मॅडमनी पाकीट उघडून पाहिलं. घडी उलटी होती. त्या नसीमाला म्हणाल्या, "माझ्या भावाचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

"मी... मी रंजूला सांगितलं होतं, मॅडम. रंजू, सांग ना."

ऊना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चांगल्या इंग्रजीत म्हटलं, "मला यातलं काही माहीत नाही."

आई मशीनवर बसली होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं. ती मला म्हणाली, "विचार त्यांना, चहा टाकू काय?" मी विचारलं. ऊना मॅडम म्हणाल्या, "नको." आणि टॅक्सीनं गेल्या.

नसीमा त्यानंतर कुरुमला गेली नाही. अर्ज पाठवला गेला नाही. हेझल मॅडम एकदा सोमवारी येऊन गेल्या, मग त्यांनी दुसरीकडे शिवून घ्यायला सुरुवात केली. ऊना मॅडमनी पुढच्या उन्हाळ्यात नोकरी सोडली. नसीमा माझ्याशी त्या विषयावर कधीच बोलली नाही. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, आणि चाचीकडून मासे येत राहिले. नसीमा मुसलमान होती म्हणून मी हे केलं का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. जानेवारीतला 'पण' माझ्याही कानांवर पडलेला होता. तिच्या जागी शाळेतली दुसरी कुणी हिंदू मुलगी असती तरी मी मोजलंच असतं, असं वाटतं. पुरावा दोन्ही बाजूंनी अपुरा आहे.

पुढे मी पुण्यात वर्तमानपत्रात लागले. १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराला लोकांनी मतदानात कौल दिला, त्या रात्रपाळीत परदेशी बातम्यांचं पान माझ्याकडे होतं. बातमीत शेवटचा परिच्छेद कैद्यांच्या सुटकेबद्दल होता. जागा कमी होती. तो मी कापला. ऊना मॅडमचा भाऊ त्यात सुटला की नाही, याला मला दुजोरा मिळालेला नाही. नसीमाचं लग्न विसाव्या वर्षी झालं. ती सूरला असते, एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. २००५ मध्ये मी तिला तिथे भेटले. तिनं मला सुरमई खाऊ घातली. तिरफळ घातलेली.

त्या भेटीनंतर मी आईच्या गिऱ्हाइकांच्या जुन्या वहीतून हेझल मॅडमचा गावाकडचा पत्ता काढला आणि पत्र लिहिलं. रुमाल मी मुद्दाम ठेवला होता, हे लिहिलं. उत्तर चार महिन्यांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं की ऊनाचा भाऊ आत आहे हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्यांचे स्वतःचे वडील पोलिसांत होते आणि ऊनाच्या भावाच्या बाजूच्यांची गोळी लागून गेले, हे ऊनालाही माहीत होतं. दोघींनी एकमेकींना ते कधी विचारलं नव्हतं. "माहीत असणं मी निभावलं असतं," त्यांनी लिहिलं होतं. "पण ते तू माझ्यासमोर मांडलंस, आणि त्यानंतर काही न म्हणणं म्हणजे त्याला हरकत नसणं झालं असतं." त्या गुरुवारी त्या लवकर आल्या होत्या, कारण नसीमाचं शिफारसपत्र त्यांनी लिहून आणलं होतं. ते पर्समध्ये होतं. परत न्यावं लागलं. आता ते जिचं आहे तिला दे, एवढंच शेवटी लिहिलं होतं.

सोबत दुसरं पाकीट होतं. त्यावर नसीमाचं नाव होतं आणि ते बंद होतं. मी ते उघडलं. पत्र अकरा ओळींचं आहे. त्याखालची तारीख त्या गुरुवारच्या आदल्या दिवसाची आहे. ते अजून माझ्याकडेच आहे.